हाक देत राहा

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पार्सल काल पोचलं. आतलं सगळं तपासून घेतलं, ते असं : लोकरीचे स्वेटर दोन, अंगाच्या साबणाच्या चार वड्या, ठकीसाठी रंगीत खडूंची पेटी, आणि तुमच्या दुकानात कडक इस्त्री केलेले ह्यांचे दोन शर्ट. त्यांची घडी मोडायला जीव होत नाही. पाठवणावळ तुम्ही तिकडेच भरली होती, तरी स्टँडवरच्या हमालाने आठ मागितले. पाचावर आणला. साबण इकडे स्वस्त मिळतो, तेव्हा पुढच्या खेपेस त्याचा भार नको.

तुमच्या भावाचा गेल्या रविवारी नगरभवनात सत्कार झाला. पदक कोटावर लावून हे व्यासपीठावर बसले होते. मानपत्र वाचलं गेलं. गोळीबार चालू असताना उघड्या उतारावरून दोन वेळा गेले आणि दोन्ही जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आले, असं त्यात होतं. टाळ्या, बँड, कर्कश लाउडस्पीकर, सगळं ह्यांनी शांतपणे सोसलं. मग पडलेल्या जवानांसाठी सगळे उभे राहिले आणि सभागृहात शांतता पाळायला सांगितली, तर हे मधेच उठून बाहेर निघून गेले. लोक म्हणाले, मन भरून आलं असेल. मीही तेच धरून चालले.

घरी मी ह्यांना जराही त्रास होऊ देत नाही. हे परत आले तेव्हाच शेजारच्या निवृत्त कर्नलसाहेबांच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "लढाईवरून आलेल्या माणसाला एकच औषध, शांतता. भांडं पडू द्यायचं नाही." तेव्हापासून कुकरची शिट्टी काढून ठेवली आहे. खुर्च्यांच्या पायांना जुन्या कांबळ्याच्या चिंध्या बांधल्या, घड्याळाचे टोले बंद केले. सकाळची प्रार्थना मी मोठ्याने म्हणत असे, ती आता मनातल्या मनात. देव काही बहिरा नाही.

ठकीलाही शिकवलंय. बाबांचं पाऊल वाजलं की तोंडावर बोट आणि जिथे असशील तिथे निमूट पडून राहायचं. पोर इतकी तयार झाली आहे की श्वाससुद्धा ऐकू येत नाही. परवा शेजारीण विचारत होती, "तुमची मुलगी घरात आहे की आजोळी गेली?" मला तर कौतुकच वाटलं.

एक विनंती आहे. तुमच्याकडच्या शाळा चांगल्या आहेत असं ऐकते. ठकीला या जूनपासून तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तिचा सगळा खर्च मी दर महिन्याला न चुकता पाठवीन.

तुमची,
धाकटी भावजय

दि. ११ फेब्रुवारी

अगं शहाणे,

पत्र मिळालं. हमालाला पाचावर आणलंस, आता मलाही चांगल्या शाळेच्या गोष्टीवर आणायला बघतेस! आमच्या गल्लीतल्या शाळेचे मास्तर तिसऱ्या तासाला माझ्या दुकानात येऊन चहा पितात. ती म्हणे चांगली शाळा. तुमच्या दारासमोर शाळा आहे, तिथे ठकीचं नाव घातलंय हे तूच दिवाळीच्या पत्रात मला लिहिलं होतंस.

पोर मला जड नाही. नवरा गेल्यापासून या दोन खोल्यांत मी, इस्त्र्या आणि लोकांच्या चादरी. ठकी आली तर माझंच बरं होईल. पण कारण खोटं असेल तर मी तिला घेणार नाही. सहा वर्षांचं लेकरू आईपासून तोडायचं, तर खरं काय ते मला कळायला हवं.

आणि त्या घरात इतकी शांतता कशाला गं? आमचा धाकटा लहानपणी घरभर बोंबलत फिरायचा. मी इस्त्री करताना गाणं थांबवलं की म्हणायचा, "ताई, बंद का पडलीस?" त्याला शांतता आवडते हे मी पहिल्यांदाच ऐकते आहे. कर्नलीणबाईंना तरी कुणी विचारलं होतं?

खरं लिही. मी तुझी सासू नाही, नणंद आहे. त्यातल्या त्यात बरी.

ताई

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताई,

तुमच्यापुढे लपवणं मला जमणार नाही. लिहिते.

सत्काराच्या आदल्या आठवड्यात, दुपारी. हे पंपहाउसवरून जेवायला आले. (पाणीपुरवठ्याच्या पंपांवर ह्यांची नोकरी, तुम्हाला माहीत आहे. पदकामुळे मिळाली.) मी मागे कपडे वाळत घालत होते. ठकी बाहेरच्या खोलीत चित्र काढत होती. पाऊल वाजलं तशी ती शिकवल्याप्रमाणे जमिनीवर आडवी झाली, डोळे मिटले. ह्यांनी हाक मारली, "ठके!" ती बोलली नाही. दुसऱ्यांदा मारली. तरी नाही. मला तेव्हा मागे उभ्या उभ्या बरंच वाटलं, की पोरगी किती ऐकते.

मग दार धाडकन आपटलं. मी धावत पुढे आले तर खोली रिकामी. रस्त्यावर बघते तो हे ठकीला खांद्यावर टाकून पळत होते. वाकून, अंग चोरून, भिंतीच्या कडेकडेने. एका हाताने तिचा दंड इतका आवळला होता की ती किंचाळायला लागली. ती किंचाळली तसे हे पिठाच्या गिरणीपाशी थांबले, खाली बसले, आणि तिला मांडीवर घेऊन म्हणाले, "बोलली. बोलली." गिरणीवाला पीठभरल्या हाताने तसाच उभा. सगळी गल्ली बघत होती.

ठकीचा दंड खांद्यातून सरकला होता. हाडवैद्याने बसवला. लोकांना मी सांगितलं, जिन्यावरून पडली, म्हणून हे तिला घेऊन धावले.

तेव्हापासून मी आणखी काळजी घेते. ह्यांच्या यायच्या वेळी ठकीला कर्नलसाहेबांकडे पाठवते, घर अगदी चिडीचूप ठेवते. तरी हे घरी थांबत नाहीत. पाळी संपली तरी पंपहाउसवरच बसून राहतात. तिथे त्या मोटारींच्या घरघरीत दोन माणसांना बोललेलं ऐकू येत नाही. घरातली एवढी शांतता सोडून त्या गोंगाटात काय सुख वाटतं, देव जाणे. काल तिथला फिटर म्हणाला, "वहिनी, साहेब मोटारीला पाठ टेकून झोपतात. आम्हाला हेवा वाटतो."

ताई, मी ह्यांना घाबरत नाही. ह्यांनी कधी माझ्यावर आवाज चढवला नाही. पण पोरीचा हात पुन्हा सरकला तर?

ज्यांना ह्यांनी पाठीवर आणलं त्यातले एक तुमच्याच गावात शिवणकाम करतात, पलटणीत सगळे त्यांना रेडिओ म्हणायचे. दर सणाला त्यांचं खुशालीचं कार्ड येतं. हे न वाचता फाडतात. तेव्हा तुम्ही कृपा करून तिकडे जाऊ नका. ह्यांना कळलं तर फार वाईट होईल.

तुमची,
भावजय

दि. २ मार्च

प्रिय वहिनी,

उशीर झाला. जाऊ नका म्हणालीस, म्हणून तीन-चार दिवस गेले नाही. मग गेले.

जिन्याखालची खोली आहे. हाताने फिरवायचं मशीन, कारण डावा पाय मांडीपासून नाही. मी कोण ते सांगितलं, तसा माणूस कापडाच्या ढिगातून उठायला लागला. मी म्हटलं, "बसा हो, उगीच पडाल."

"ताई, अर्धा मी आधीच पडलोय, आता उरलोय तेवढाच पडेन." आणि मोठ्याने हसला. "बसा. मी बोलायला लागलो की दुकान बंद होईस्तोवर थांबत नाही, म्हणून तर रेडिओ. आयुष्यात एकदाच बंद पडलो, आणि नेमका तेव्हा तुमचा भाऊ आला."

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मला नीट मांडता येत नाही, समजून घे.

उतारावर दोघं पडले होते. एक हा रेडिओ, एक मास्तर. मास्तर म्हणजे खरा मास्तर नव्हे, पलटणीतल्या पोरांना घरी पत्रं लिहून द्यायचा म्हणून नाव पडलं. मास्तरच्या पोटात गोळी होती आणि तो ओरडत होता. रेडिओ गप्प होता. आता आपल्याला वाटेल, ओरडतोय त्याच्याकडे आधी धावावं. पण जखमींना उचलणाऱ्यांना पहिल्याच दिवशी उलटं शिकवतात. जो ओरडतो त्याच्या छातीत अजून दम आहे, तो थांबू शकतो. गप्प पडलाय त्याला आधी उचल. धाकट्याने तेच केलं. रेडिओला पाठीवर घेतला आणि मास्तरला म्हणाला, "हाक देत राहा. तुमची हाक ऐकू येतेय तोवर मला घोर नाही. याला ठेवून आलोच."

मास्तर हाक देत राहिला. उताराच्या मधोमध एक वठलेलं झाड होतं, तिथपर्यंत धाकट्याला हाक येत होती. मग थांबली.

रेडिओ म्हणाला, "मला यातलं काही ठाऊक नाही हो, मी शुद्धीत कुठे होतो! दवाखान्यात माझ्या खाटेशी बसून त्याने एकदाच सांगितलं, नंतर कधी नाही. तिथून तो वळला असता तर मी मेलो असतो. वळला नाही. मला खाली ठेवलं आणि पुन्हा वर गेला. मानपत्रात दोनदा गेला असं लिहितात ना? दुसऱ्यांदा जाताना काय आणायचंय ते त्याला माहीत होतं, ताई."

मग बराच वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवत राहिला. म्हणाला, "माझं कार्ड तो वाचत नसेल, मला कळतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही वाचलं नसतं. तरी टाकतो. बंद पडलेला नाही, एवढं त्याला कळावं."

तुला दोष देत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. तू शिट्टी काढलीस, टोले बंद केलेस, प्रार्थना गिळलीस. आणि पोरीला शिकवलंस की बाप आला की मेल्यासारखं पडायचं. अगं, त्याने हाक मारली आणि ती बोलली नाही! तो कुठे पळत होता ते आता तरी कळलं का तुला?

ताई

दि. १० मार्च

ती. ताई,

तुमचं पत्र वाचून पहिला दिवस मला रागच आला. तुमचा, रेडिओचा, कर्नलसाहेबांच्या बाईंचा, आणि ह्यांचा सर्वांत जास्त. लग्नाला नऊ वर्षं झाली. मला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? आजवर मी इतक्या चिंध्या बांधल्या, एकदा तरी म्हणावं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना मोठ्याने म्हटली. इतक्या महिन्यांनी आवाज नीट लागेना, घसा खरखरला. हे आरशापुढे दाढी करत होते. हात थांबला. शेवटपर्यंत तसाच थांबला होता, साबण गालावर वाळून गेला. मग पुन्हा साबण लावून दाढी केली. मी शिट्टी लावली, घड्याळाला किल्ली दिली. त्या दिवशी हे पाळी संपल्याबरोबर घरी आले. मला वाटलं, देवाने ऐकलं.

पण ठकी. ताई, तिला शिकवलेलं आता तिच्याकडून सुटत नाही. ह्यांचं पाऊल वाजलं की उभी असेल तिथे खाली बसते, तोंड घट्ट मिटते. मी सांगितलं, "बाळ, आता बोलायचं. बाबांशी खूप बोलायचं." तर मलाच म्हणते, "पण तू सांगितलं होतंस ना! बोलले तर बाबांना दुखतं." खाऊचं आमिष दाखवलं, रागावले. रागावल्यावर तर आणखीच मुकी झाली. आता पुन्हा दंड धरून कोपऱ्यात जाते.

हे फाटकाबाहेर उभे राहून हाक मारतात. उत्तर आलं तर आत येणार, अशी ह्यांची रीत झाली आहे. मी ओ देते. पण ह्यांना माझी ओ नको असते. थोडा वेळ थांबतात आणि पंपहाउसवर परत जातात. जेवण मी डब्यातून पाठवते.

शनिवारी मी डबा घेऊन स्वतःच गेले. मोटारींपाशी बसलो. तिथे ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे बहुतेक बोलणं सोपं गेलं. मी सांगितलं, ताई रेडिओकडे गेल्या होत्या, मला सगळं कळलंय. चिडतील असं वाटलं होतं. ह्यांनी डबा उघडला.

मी ओरडून म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही!"

"मला माहीत आहे!" हेही ओरडले. "नियम बरोबर होता! उद्या पुन्हा तसे दोघं पडले तर मी पुन्हा तसंच करीन! तेच तर!"

"तेच तर काय?"

"त्याला मीच सांगितलं ना, हाक देत राहा! असलेला दम त्यातच गेला असेल तर?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर लिहा. मी मॅट्रिकपर्यंत शिकले, डॉक्टर नाही. फिटर तिकडून ओरडला, "वहिनी, भाजी मस्त झालीय का? वास इथवर येतोय!" हे हसले. मग मला म्हणाले, "ठकीला ताईकडे पाठव. मी ज्या घरात असेन तिथे ती नको. मला माझा भरवसा नाही."

आधी मीच तिला पाठवायचं म्हणत होते. आता ह्यांच्या तोंडून ऐकलं तर नको वाटलं. पण तसंच करते. पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊन निघते. चालेल ना?

तुमची,
भावजय

दि. १५ मार्च

वहिनी,

चालणार नाही.

ठकीला मी घेते, हवी तितकी वर्षं ठेवते. पण तिला आणून सोडायचं त्याने. एकट्याने. तू बरोबर यायचं नाहीस. दिवसभराचा बसचा प्रवास आहे, बाप-लेकीने करावा. तू आणलीस तर पोरीच्या डोक्यात आयुष्यभर एकच बसेल, की बाबांपासून वाचवून आईने मला पळवलं. आणि त्याच्याही डोक्यात तेच.

मास्तरबद्दल विचारलंस. मलाही उत्तर माहीत नाही. रेडिओला विचारलं, तर तो म्हणाला, "मास्तरला हाक देत राहा म्हटलं नसतं, तर तो एकटाच पडला असता. हाक देत होता तोवर त्याला वाटत होतं, कुणीतरी येतंय." हे खरं की रेडिओने माझ्यासाठी शिवलेलं, मला सांगता येत नाही. धाकट्याला सांगायचं की नाही ते तू ठरव.

तो नाही म्हणेल. म्हणू दे. मी त्याला मोठं केलंय. त्याला म्हणावं, ताईचा हुकूम आहे, पलटणीतल्यापेक्षा जुना.

ताई

दि. २३ मार्च

ती. ताई,

हे पत्र ह्यांच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. ह्यांनी वाटेत वाचलं तर वाचू दे, आता मला त्यांच्यापासून झाकून काही लिहायचं नाही.

तुमचं म्हणणं मी ह्यांना सांगितलं. साफ नाही म्हणाले. दोन दिवस नाहीच म्हणत होते. मग विचारलं, "आणि बसमध्ये ती झोपली तर?"

मी म्हटलं, "झोपली तर झोपू द्या. मुलं झोपतात."

"हाक मारली आणि उठली नाही तर?"

"छातीवर हात ठेवून बघा. तुम्हीच शिकला आहात ना ते? वर-खाली होत असेल. झालं."

"आणि तेवढा धीर मला धरवला नाही तर?"

मी त्यांना मोठ्या तोंडाने म्हटलं, धरवेल. ताई, मला खात्री नव्हती आणि आत्ताही नाही. स्वयंपाकघरात जाऊन देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हा काय मागावं तेच सुचेना. पण नाही पाठवलं, तर ठकी तुमच्याकडे आणि हे पंपहाउसवर, आणि मी मधे डबे पोचवत राहणार. असं किती दिवस? म्हणून पाठवते.

रेडिओने सांगितलेलं मास्तरबद्दलचं मी ह्यांना सांगितलं. ऐकून म्हणाले, "तो रेडिओ कधी खोटं बोलत नाही असं नाही." तरी थोड्या वेळाने विचारलं, "दुकान कुठे आहे म्हणालीस?" पत्ता मी दिला नाही. तुम्ही द्या, मागितला तर.

आत्ता हे ठकीला बूट घालताहेत. ती माझ्याकडे बघत होती, तोंड मिटून. मग एकदम ह्यांना म्हणाली, "घट्ट होतोय." ह्यांनी नाडी सोडून पुन्हा बांधली. मग तीच नाडी पुन्हा सोडली. मला वाटतं, तिने परत म्हणावं म्हणून. तिने फक्त पाय पुढे धरला.

ठकीच्या पिशवीत कपडे तीन जोड, खडूंची पेटी, आणि वाटेत खायला डबा. दंड अजून पहाटेच्या गारव्याला दुखतो, तेव्हा रात्री स्वेटर घालून निजवा. तिच्या खर्चाचं नंतर बघू. ती किती दिवस राहणार, ते ती दोघं तिथे कशी उतरतात त्यावर ठरवावं असं मला वाटतं. तुम्हाला वाटलं की आत्ताच परत न्यायला हरकत नाही, तर तसं ह्यांना स्पष्ट सांगा. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

गाडी आठाला आहे. मी स्टँडवर जाणार नाही. गेले तर खिडकीतून तिला ओढून घेईन.

ठकी गाडीत बसली की मान टाकते, लहानपणापासूनची सवय आहे. तेव्हा वाटेत ती झोपणारच. त्या वेळी ह्यांच्याशेजारी मी नसेन, तुम्ही नसाल, कुणी नसेल.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. उलट टपाली लिहा. दोघं सुखरूप पोचले एवढं लिहून मोकळ्या होऊ नका. ती झोपली होती का, आणि ती झोपली असताना ह्यांनी काय केलं, ते ह्यांना विचारा, ठकीलाही विचारा, आणि दोघं काय सांगतात ते मला कळवा.

तुमची,
धाकटी भावजय